नसीम आपाने न उघडलेला रिपोर्ट

गफूरभाईंचा फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपवर होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. कामात असताना मी फोन घेत नाही हे घरच्यांपासून परतवाड्याच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली काम नसलं तरी घ्यावासा वाटत नाही. साठीच्या आसपास आलेल्या माणसाला फोनवर येणाऱ्या बातम्या बहुतेक एकाच जातीच्या असतात. पण पडद्यावर अकोल्याचं ते नाव दिसलं आणि कळायचं ते कळलं. गफूरभाई म्हणजे नसीम आपाचा धाकटा भाऊ. "डॉक्टरसाहेब, आपा गेली," ते म्हणाले. "पहाटे, फजरच्या वक्ताले. जास्त तरास नाई झाला. दुपारी असरच्या नमाजनंतर नेऊन राहिलो." मी "निघतो" म्हणालो... आणि फोन बाजूला ठेवून समोरची स्लाईड शेवटपर्यंत वाचली. का वाचली ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आपा तिथे असती तर म्हणाली असती, ज्याची स्लाईड आहे त्याचं काय चुकलं?

माझी अमरावतीत पॅथॉलॉजीची लॅब आहे. अकोल्यात एक शाखा, आणि परतवाडा, मूर्तिजापूर इथे रक्ताचे नमुने गोळा करणारी दोन छोटी केंद्रं. या चारही ठिकाणचे कॉम्प्युटर, त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा आणि त्यांत साठलेली हजारो माणसांच्या दुखण्यांची माहिती, हे सगळं चोरांपासून सांभाळायचं काम अठरा वर्षं नसीम आपा करत होती. मोठ्या शहरांत यासाठी काचेच्या इमारतींतल्या कंपन्या असतात म्हणे. आमच्याकडे आपा होती. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच, पण भाऊ 'आपा' म्हणायचा म्हणून सगळे म्हणू लागले, मीसुद्धा. बोलताना अहो-जाहो, मनात मात्र ती नेहमी 'ती'च राहिली.

त्या दिवशी वैशालीला सोबत घेऊन गाडीने अकोल्याला गेलो. वैशाली माझ्या लॅबच्या काउंटरवर बसते, म्हणजे आधी बसायची. घरी पोहोचल्यावर ती आत बायकांत गेली आणि मी गल्लीत पुरुषांमध्ये उभा राहिलो. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या एका बाजूला डाळ मिलचे एक शेठ, दुसऱ्या बाजूला औषधांचे ठोक व्यापारी, पलीकडे साड्यांच्या दुकानाचे मालक, कापसाच्या एका जिनिंगचे मॅनेजर. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. हळूहळू बोलण्यातून कळलं, सगळ्यांचे कॉम्प्युटर आपाच पाहायची. प्रत्येकाला वाटत होतं की ती खास आपली. डाळ मिलचे शेठ बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग अगदी हळू म्हणाले, "आता आमच्या सर्व्हरचं कोण पाह्यते..." आणि बोलल्याची त्यांनाच लाज वाटली, त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. मला त्यांचा राग आला नाही. तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, फक्त मी बोललो नव्हतो.

आपाचे वडील टाइपरायटर दुरुस्त करत. कोर्टातले, कचेऱ्यांतले, वकिलांच्या घरचे. त्यांच्या छोट्या दुकानात ती लहानपणी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून अक्षरांचे खिळे साफ करायची. पुढे तिने टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली. मधे लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा मशिनी भंगारात गेल्या आणि ती आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींसोबत बाकावर बसून कॉम्प्युटर शिकली. वडिलांची गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. आधी प्रिंटर दुरुस्तीसाठी, मग प्रिंटरच्या मागे जे जे होतं त्या सगळ्यासाठी.

माझ्याकडेही ती प्रिंटरसाठीच आली होती. अकोल्याच्या एका डॉक्टर मित्राने पाठवलं होतं. डोक्यावर ओढणी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हातात कापडी पिशवी. अर्ध्या तासात प्रिंटर सुरू झाला. जाताना तिने विचारलं, "या कॉम्प्युटरले पासवर्ड नाई?"

"नाही. कशाला?"

"मंग कोणाचाबी रिपोर्ट कोणीबी पाहू शकते."

"कोण पाहणार आहे इथे येऊन?"

ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "ज्याले पाह्यचं असते तो येते, डॉक्टरसाहेब. लहान गावं आहेत आपली. एखाद्या पोरीचं लग्न मोडायले एक कागद पुरते." मी तिला थांबा म्हणालो. त्या दिवशीच ती परत आत आली, खुर्ची ओढून बसली, आणि त्यानंतर अठरा वर्षं येत राहिली.

दर शनिवारी सकाळच्या एसटीने ती यायची. आल्या आल्या सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारायची आणि प्रत्येकाचा कीबोर्ड उचलून खाली पाहायची. वावरातला दगड उचलून विंचू आहे का पाहावं तशी. कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी सापडली की ती न रागावता खिशात घालायची आणि म्हणायची, "सार्थक कोणत्या वर्गात गेला?" समोरची बाई चकित व्हायची, की यांना माझ्या मुलाचं नाव कसं माहीत... आणि मग लक्षात आलं की जीभ चावायची. मुलाच्या नावापुढे जन्मसाल, हाच सगळ्यांचा पासवर्ड. अशा रीतीने आपाला माझ्या लॅबमधल्या सगळ्या मुलाबाळांची नावं पाठ झाली होती. पासवर्ड बदलले तरी विचारपूस चालू राहिली.

मला मात्र तिचा जाच वाटायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिलं पाहिजे. रुग्णांची माहिती दर शनिवारी एका डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवायची, असा तिचा नियम. रोजच्या नकलेसाठी आणखी एक डिस्क, तीही काम झालं की काढून ठेवायची. मी स्टाफला सांगून टाकलं, "काढा-लावा करत बसू नका, राहू द्या जोडलेली." माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तिने काही बंधनं घातली होती, नवं काही बसवायचं तर तिची परवानगी लागायची. ती मी काढायला लावली. "मालक मी आहे," असं म्हणालो होतो, हसत, पण म्हणालो होतो. तिने बंधनं काढली, एका कागदावर तसं लिहून माझी सही घेतली. ती अशा सह्या नेहमी घ्यायची. मी कधी वाचायचो नाही.

मग तो सोमवार आला. पहिला फोन परतवाड्याहून, "सर, रिपोर्ट उघडून नाई राहिला." मग मूर्तिजापूर. तोवर आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा आला होता, त्यावर इंग्रजीत पत्र, आणि खाली उलटं चालणारं घड्याळ. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, वेळेत पैसे पाठवा, नाहीतर किल्ली विसरा, असा मजकूर. बाहेर बाकांवर उपाशीपोटी आलेली माणसं. डेंग्यूचे दिवस होते. एका दवाखान्यात नऊ वर्षांची मुलगी दाखल होती, तिच्या प्लेटलेट्स दर सहा तासांनी मोजून कळवायच्या होत्या, आणि तिथल्या डॉक्टरांचा तिसरा फोन येऊन गेला होता. मी आपाला फोन लावला. ती अकोल्यात त्या डाळ मिलमध्येच होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती काय बोलली ते शब्दन्‌शब्द आठवतं.

"काय दिसून राहिलं ते वाचून दाखवा." मी वाचलं. "आता आयका. मशिनी बंद करू नका. फक्त भिंतीतून येते ती तार उपटा, सगळ्यांची. वायफायचा डब्बा बंद करा. कोणी काईच दाबू नका. परतवाडा अन् मूर्तिजापूरले फोन करून त्यांच्याबी तारा काढा. अकोल्याचं मी पाहून येते."

अडीच-तीन तासांनी ती पोहोचली. मला वाटलं धावत आतल्या खोलीत सर्व्हरकडे जाईल. ती काउंटरवर थांबली आणि वैशालीला विचारलं, "त्या पोरीचे प्लेटलेट कळवले का?" रक्त मोजणाऱ्या मशीनचा स्वतःचा छोटा पडदा असतो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही, हे आम्ही सगळे घाबरून विसरलोच होतो. आपाने रजिस्टरं काढायला लावली. मशीनवरचे आकडे हाताने उतरवायचे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मी सही करायची, फोनवर डॉक्टरांना दोनदा सांगायचं. ती मुलगी वाचली, आठवड्याने घरी गेली. तिच्या आईवडिलांना यातलं काही माहीत नाही.

मी आपाला म्हणालो, "मागतात ते देऊन टाकू. लोकांना कळायच्या आत संपवू."

"देल्यावर किल्ली देतीन, याची हमी कोण घेते? चोर?" तिने विचारलं. "अन् लोकांले कळलं पाह्यजे. त्यायचीच माहिती हाय ते." तिने मला सायबर पोलिसांकडे नेलं, तक्रार द्यायला लावली. खुर्चीत बसून मी कपाळाला हात लावला होता आणि ती माझ्या वतीने काय काय गेलं त्याची यादी सांगत होती, शांतपणे, जशी एखादी बाई किराणा सांगते.

जोडलेल्या दोन्ही डिस्क अर्थातच गेल्या होत्या. तारेने जे जे जोडलेलं होतं ते ते गेलं. त्या संध्याकाळी माझी उमेद संपली होती. अठरा-वीस वर्षांचं काम, लोकांची जुनी दुखणी, कॅन्सरच्या रुग्णांचे मागचे रिपोर्ट, ज्यांच्याशी नवे ताडून पाहायचे असतात... सगळं. आपा माझ्या समोर येऊन बसली आणि तिने पिशवीतून एक कागद काढला. माझ्याच सहीचा. तिसरी एक डिस्क होती. अकोल्याच्या शाखेत, लोखंडी कपाटात, कुलपात. दर दोन आठवड्यांनी ती स्वतः तिच्यावर नक्कल उतरवायची आणि लगेच काढून ठेवायची. "तुमीच परवानगी देली होती," ती म्हणाली. "वाचली नसन." त्या डिस्कवर सगळं होतं, फक्त शेवटचे अकरा दिवस नव्हते. ते अकरा दिवस आम्ही रजिस्टरांवरून आणि मशीनच्या पोटातल्या नोंदींवरून महिनाभर बसून परत लिहिले. आपा अकोल्याला जायची आणि यायची, जायची आणि यायची. त्या महिन्यानंतर ती पूर्वीसारखी ताजी मी पाहिली नाही. मीही तसा राहिलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. त्या सोमवारी दुपारी, आपा यायच्या आधी, मी वैशालीवर ओरडलो होतो. तिच्या मोबाइलचं चार्जिंग ती काउंटरच्या कॉम्प्युटरला लावून करायची, हे मी पाहिलं होतं. बाहेर रुग्ण बसलेले, सगळा स्टाफ उभा, आणि मी म्हणालो, "हे तुझ्यामुळे झालंय. उद्यापासून येऊ नकोस." ती रडली नाही. मोबाइलची तार गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि नमुन्यांच्या नळ्यांवर नंबर लिहायला बसली, कारण ते काम अर्धं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला परत पाठवलं नाही. माणसं कमी पडत होती.

तीन दिवसांनी आपाने माझ्या केबिनचं दार लोटून घेतलं. ती माझा लॅपटॉप तपासून आली होती. दोन आठवड्यांपूर्वी मला एक मेल आला होता, मशीनच्या देखभालीचं प्रमाणपत्र म्हणून. मी ते उघडायला गेलो. उघडलं नाही तेव्हा, त्यात सांगितलं होतं ते बसवलं आणि पुन्हा उघडलं. तिथून तो माणूस आत शिरला, जिथे असेल तिथून, आणि दोन आठवडे आमच्या घरात शांतपणे फिरत होता. त्यावर मी जे बोललो ते असं होतं, "आपा, हे बाहेर कुणाला सांगू नका."

"नाई सांगत," ती म्हणाली. "कोणाची चूक हाय हे सांगत फिरणं माझं काम नाई. पण वैशालीले तुमी सगळ्यांसमोर बोलले. ते माझ्याच्यानं दुरुस्त होत नाई. ते तुमाले करा लागन."

आपा दर शनिवारी जाताना मला राहिलेल्या कामांची यादी द्यायची, वहीच्या पानावर, सुबक अक्षरात. सर्व्हरच्या खोलीत पंखा. मूर्तिजापूरची तार बदलणे. अकोल्याच्या कपाटाची दुसरी किल्ली. त्या शनिवारपासून यादीत सातव्या नंबरवर एक ओळ आली, 'वैशालीशी डॉक्टर बोलणार.' बाकीची कामं होत गेली, नवी येत गेली, सातवा नंबर तिथेच राहिला. ती आठवण करून द्यायची नाही. फक्त दर आठवड्याला तेच पुन्हा लिहायची, नव्या पानावर, नव्याने. आणि मी दर आठवड्याला ठरवायचो. वैशालीचा पगार वाढवला, तिला खुर्ची चांगली घेतली, दिवाळीला साडी दिली. म्हणजे सगळं केलं, ते सोडून. दीड वर्ष गेलं.

मग एका बुधवारी दुपारी माझ्यासमोर मानेच्या गाठीची एक स्लाईड आली. नसीम बानो, वय छप्पन्न. अकोल्याहून आलेली. या नावाच्या बायका अकोल्यात काय कमी आहेत, असं मी स्वतःला म्हणालो. मग सर्जनच्या चिठ्ठीवरचा पत्ता पाहिला. स्लाईड तीनदा वाचली. तिन्ही वेळा तेच, कॅन्सर. या कामात तीस वर्षं गेली, पण त्या दुपारी रिपोर्ट टाइपला पाठवला नाही. कारण आपा त्या क्षणी माझ्यापासून दहा पावलांवर, सर्व्हरच्या खोलीत, काहीतरी काम करत बसली होती. शनिवार नसताना आली होती आणि मी कारण विचारलं नव्हतं.

चारच्या सुमाराला ती केबिनच्या दारात आली. "काम झालं," म्हणाली.

"आपा... तुम्ही नमुना दिला होता. बोलला नाहीत."

"देला होता."

"त्याचं असं आहे की..."

तिने हात किंचित वर केला. "टाइप झाला का? सही झाली का तुमची?"

"अजून नाही."

"मंग मले आत्ता काहून सांगून राहिले? बाकीच्यांले कसा देता, तसाच द्या. मी खिडकीवरून घेईन."

आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली, टोकन घेऊन, इतर लोकांमध्ये. मी टायपिस्टकडे मजकूर पाठवला, सही केली. तासाभराने वैशालीने नंबर पुकारला. आपाने रजिस्टरमध्ये सही करून पाकीट घेतलं. ते तिथे उघडलं नाही. पिशवीत ठेवलं, ओढणी सारखी केली आणि एसटी स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोत बसली. मी काचेआडून पाहत होतो. बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही.

लॅबमधला प्रत्येक रिपोर्ट उघडायचे अधिकार तिच्याकडे होते. माझ्याकडे नव्हते इतके तिच्याकडे होते. कुणी कोणता रिपोर्ट कधी उघडला याची नोंद आपोआप होते, हल्ल्यानंतर तिनेच ती व्यवस्था बसवली होती. त्या संध्याकाळी मी ती नोंद पाहिली. का पाहिली, माझं मलाच सांगता येत नाही. तिच्या रिपोर्टसमोर तीन नोंदी होत्या. टायपिस्ट, मी, आणि देताना वैशाली. दिवसभर ती त्याच मशीनसमोर बसून होती, बोटाच्या अंतरावर... तिने तो उघडला नव्हता. मी मात्र तिची झडती घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "वाचला," ती म्हणाली. "तुमची भाषा लय अवघड हाय, डॉक्टरसाहेब. मराठीत सांगा." मी मराठीत सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "किती वेळ?" मी म्हणालो की नक्की कुणीच सांगू शकत नाही. "बरं," ती म्हणाली. "मंग वैशालीले शिकवाले घेते. तिचं डोकं चांगलं हाय. तिले माझ्या हाताखाली द्या." मी हो म्हणालो. थोडं थांबून ती म्हणाली, "तिले विचारा पण आधी. अन् विचारायच्या आधी, ते सातव्या नंबरचं."

त्या सोमवारी मी सगळ्या स्टाफला बोलावलं. मी सांगितलं की तो मेल मी उघडला होता, माझ्या लॅपटॉपवर, आणि वैशालीला जे बोललो ते चुकीचं होतं, आणि दीड वर्ष मला ते कबूल करता आलं नाही. मग वैशाली म्हणाली, "मले माहीत होतं, सर."

"आपांनी सांगितलं?"

"नाई. त्यायनं तर नावबी नाई काढलं. पण आपा तीन दिवस तुमचाच लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. आमचे सोडून देले होते एका दिवसात. सगळ्यांलेच माहीत होतं."

म्हणजे दीड वर्ष मी ज्या गोष्टीवर कुलूप लावून बसलो होतो ती सगळ्यांसमोर उघडीच होती, आणि हे फक्त मलाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग तू सोडून का गेली नाहीस?" ती म्हणाली, "आपा म्हणे, थांब. ते बोलतीन. वेळ लागते त्याइले." बाकीचे हसले. मीही हसलो असेन. खूप थकवा आला होता, पण बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असा.

पुढचं एक वर्ष आपा उपचार घेत होती आणि शिकवत होती. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. जिने आयुष्यात कधी कीबोर्डकडे पाहून टाइप केलं नाही ती आता एकेक अक्षर शोधून दाबायची, आणि चुकलं की स्वतःवरच चिडायची. मग तिने टाइप करणं वैशालीवर सोपवलं आणि आपण शेजारी बसून सांगू लागली. आमच्या शाखांसोबत वैशालीला ती डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्येही घेऊन गेली. मी एकदा म्हणालो, "आपा, आता आराम करा." ती म्हणाली, "चोर आराम करते का?" आणि मग खरंच बाकावर आडवी झाली, ओढणी डोळ्यांवर घेऊन, आणि अर्धा तास तिथेच झोपली. तिला झोपलेलं पाहायची आम्हा कुणालाच सवय नव्हती. सगळे हळू बोलत होते.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. चाळीसवा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाची दुआही झाली. वैशालीकडे तिच्या हातची एक वही आहे, कामाच्या नियमांची, आणि त्यात एका पानावर लिहिलेलं आहे की माणूस काम सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, कारण उघड्या राहिलेल्या जुन्या खात्यातूनच चोर आत येतो. वैशालीने ते पान मला दाखवलं नाही. मीच वाचलं. आपाचं खातं बंद करायला मालक म्हणून माझी संमती लागेल, असं मी धरून चाललो होतो, आणि ती देणं माझ्याच्याने होत नव्हतं. रोज उद्यावर ढकलत होतो. वैशालीही त्याबद्दल एक शब्द काढत नव्हती. मला वाटायचं, तिच्याच्यानेही होत नसेल.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी यादी उघडली. लॅबमध्ये काम केलेल्या प्रत्येकाचं नाव तिथे आहे. जे गेले त्यांची नावं राखाडी, आणि पुढे कारणाचा रकाना. नोकरी सोडली. लग्न होऊन नागपूरला गेली. बँकेत लागला. आपाचं नाव शोधलं... तेही राखाडी होतं. तारीख पाहिली. शेवटचं दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवसाची.

मी वैशालीला हाक मारली. ती आली, तिने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी आपानं सगळे अधिकार माह्या नावावर केले, अन् मंग म्हणे, आता माहं बंद कर. मी म्हटलं, नाई करत. तर म्हणे, शिकवलं ते काहून शिकवलं मंग? केलं मंग मी. कारण काय टाकू म्हटलं, तर त्यायनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मले हात नाई लावू देला. एका बोटानं लिहिलं, सर. लय वेळ लागला. अन् म्हणे, डॉक्टरले सांगू नको, ते पाहतीन तवा पाहतीन."

ती परत काउंटरच्या बाजूला गेली. मी चष्मा पुसला आणि रकान्यातलं वाचलं. 'आता येणार नाही. पुढचं काम वैशाली पाहील.' एकेक अक्षर शोधून लिहिलेलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.